आभाराला सगळे गप्प होते

आमच्या कॉलेजच्या एका जुन्या वार्षिक अंकात, अगदी मागे, जिथे मंडळांचे अहवाल छापतात आणि जी पानं छापणाऱ्याशिवाय कुणी वाचत नाही, तिथे एक वाक्य आहे. ‘वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी प्रमुख पाहुण्यांनी विद्यार्थ्यांना मोलाचे मार्गदर्शन केले व कार्यक्रम उत्साहात पार पडला.’ हे धादांत खोटं आहे. ‘मुलांनो’ हा एक शब्द सोडला, तर प्रमुख पाहुण्यांचं त्या दिवशी कुणाच्याही कानावर काही पडलं नाही. पडू दिलं नाही. आणि हे खोटं छापखान्याचं नाही, प्राचार्यांचंही नाही. ते मी लिहिलंय. मंडळाची सचिव मी होते. कार्यक्रमानंतर दोन महिन्यांनी, शांतपणे बसून, चांगल्या अक्षरात मी ते लिहून दिलं. तीस वर्षं होत आली, तरी ते वाक्य आठवलं की माझं पित्त खवळतं. आधी त्या सगळ्यांचा राग येतो, मग फिरून फिरून स्वतःचा.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. कॉलेज नगर-मनमाड रस्त्याला, राहुरी आणि कोल्हारच्या मधे कुठेतरी होतं, यापेक्षा जास्त सांगत नाही. चारी बाजूंनी ऊस. संस्थेचे संचालक म्हणजे आसपासच्या गावांतले बडे बागायतदार, आणि संचालक खोकले की प्राध्यापकांना पडसं व्हायचं. मी टी.वाय.ला होते, मराठी घेऊन. माझ्या गावातून कॉलेजपर्यंत पोचलेल्या मुली मोजायला एका हाताची बोटं पुरून उरली असती. त्यातली एक मी होते आणि ती केवळ बाईंमुळे.

बाई म्हणजे आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. पाचवी ते सातवी त्यांनी मला शिकवलं. बाई बौद्ध. अकरा वर्षं त्या आमच्या गावात शिकवत होत्या आणि अकरा वर्षांत गावात त्यांना भाड्याने एक खोली मिळाली नाही. खोल्या रिकाम्या होत्या, पण बाईंनी विचारलं की कुणाची भाची राहायला येणार असायची, कुणाच्या खोलीला रंग द्यायचा असायचा. बाई सकाळच्या एस.टी.ने कोल्हारहून यायच्या आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जायच्या. हेडमास्तरांच्या खोलीत ट्रेमध्ये सहा कप असायचे आणि सातवा खिडकीत, पालथा. तो बाईंचा. असं कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. आम्हा पोरांना वाटायचं, बाईंना तो कप आवडतो.

मी सातवी पास झाले तेव्हा घरात ठरलं की झालं एवढं शिक्षण पुरे. घरात शब्द थोरल्या चुलत्यांचा चाले. वडील त्यांच्या शब्दाबाहेर नसत आणि आईला तर शब्दच नव्हता. हायस्कूल शेजारच्या गावात होतं, पोरगी रोज कॅनॉलच्या कडेने सायकलवर जाणार, लोक काय म्हणतील, हा त्यांचा मुद्दा. एके दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला बाई आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्यांची एस.टी. चुकणार होती, तरी आल्या. चुलते खाटेवर बसलेले. बाईंना कुणी बस म्हटलं नाही. त्या तासभर उभ्याने बोलल्या. पोरगी हुशार आहे, वर्गातल्या दुसऱ्या दोन मुलीही हायस्कूलला जाणार आहेत, तिघी मिळून जातील, काही झालं तर मला विचारा. शेवटी चुलते कंटाळून म्हणाले, एक वर्ष बघू.

मग बाईंनी पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन आली. बाई ओट्याखाली वाकल्या, त्यांनी ओंजळ पुढे केली आणि आईनं वरून पाणी ओतलं. मी दारात उभी राहून हे पाहत होते. मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. माझ्यासाठी तासभर उभी राहिलेली बाई माझ्याच अंगणात वाकून ओंजळीनं पाणी पीत होती, आणि मी मनात सायकलचा रंग ठरवत होते.

पुढे बाईंची बदली झाली, मग त्या निवृत्त होऊन नगरला राहायला गेल्या. तिथे त्यांनी शिक्षकीच्या आठवणींचं एक लहानसं पुस्तक लिहिलं. नगरच्याच एका छापखान्यात छापलेलं, पातळ कव्हरचं. मी टी.वाय.ला असताना त्याला कुठलंसं पारितोषिक मिळालं. दर वर्षी वाङ्मय मंडळाच्या उद्घाटनाला एखादा लेखक बोलवायचा रिवाज होता. मी मराठीच्या सरांना म्हटलं, या वेळी आपल्याच भागात अकरा वर्षं शिकवलेल्या लेखिकेला बोलवू. सरांना कल्पना पसंत पडली. पत्र गेलं, बाईंचा होकार आला, निमंत्रणपत्रिका छापून झाल्या. आणि त्यानंतरच्या रविवारी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत बाईंच्या पुस्तकातलं एक पान छापून आलं.

ते पान आमच्या अंगणाचं होतं. त्यात गावाचं नाव नव्हतं, घराचं नव्हतं, माणसाचं नव्हतं. एक अंगण, एक खाट, दारातली एक मुलगी आणि वरून पाणी ओतणारी एक बाई. तरी सोमवारी सकाळी सात वाजता आमच्या पारावर सगळ्यांना ठाऊक होतं की हे घर कुणाचं. खोटं लिहिलं होतं तर मग सगळ्यांनी ओळखलं कसं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

बोंबाबोंब सुरू झाली. बाईने गावाची बदनामी केली. ज्या गावाचं अन्न खाल्लं त्या गावावर उलटली. अन्न कसलं, पाणीसुद्धा ओंजळीत ओतलं होतं. पण चुलत्यांचं म्हणणं पडलं की आमच्या घरची अब्रू पेपरात काढली, घरातल्या बाईमाणसाचा अपमान झाला. घरातलं बाईमाणूस म्हणजे आई. तिला मात्र कुणी विचारलं नाही की बाई गं, तुझा अपमान झाला का. ती त्या वेळी आत भाकऱ्या थापत होती.

चुलत्यांचा मुलगा आमच्याच कॉलेजात एस.वाय.ला होता. वाईट मुलगा नव्हता. पावसाळ्यात चिखल झाला की त्याच्या एम-एटीवर मागे बसवून मला कॉलेजला न्यायचा. चौथीत पाढे येईनात म्हणून बाईंनी शाळा सुटल्यावर बसवून त्याच्याकडून ते पाठ करून घेतले होते. त्याने पोरं जमवली. मी त्याला विचारलं, तू ते पान वाचलंस का. तो म्हणाला, वाचायचं काय त्यात, घरात सांगितलंय की. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, आधी वाच, मग खुशाल निषेध कर. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याला निषेधासाठी प्रवेशपरीक्षा द्यायला सांगत होते.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी मला बोलावलं. ‘बसा’ म्हणाले. एरवी त्या खोलीत विद्यार्थ्याला कुणी बसा म्हणत नसे. त्यांनी मला आधी सांगितलं की ते स्वतः पुरोगामी विचारांचे आहेत, ते पान वाचून त्यांचे डोळे पाणावले. मग संस्थेवर आले, संचालकांच्या फोनवर आले, उद्या काचा फुटल्या तर कोण भरून देणार यावर आले. बाईंनी ‘वाचनाचे महत्त्व’ असा एखादा विषय घेतला तर सगळ्यांचंच भलं, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. तेव्हा माझ्या तोंडाला धार होती. पत्रिका छापल्यात, विषय ‘माझ्या आठवणी’ आहे, आणि आठवणी त्यांच्या आहेत, संस्थेच्या नाहीत, असं मी बोलून गेले. प्राचार्य हसले. बरं, बोलवा म्हणाले, पण कार्यक्रम शांततेत पार पाडणं ही सचिव म्हणून तुमची जबाबदारी. मी जिंकल्याच्या आनंदात बाहेर पडले. साप मेला तर त्यांचा आणि काठी मोडली तर माझी, अशी ही व्यवस्था झालीय, हे मला कळलंही नाही.

मी नगरला बाईंकडे जाऊन आले. एस.टी.त ठरवत होते की सगळं सांगायचं. सांगितलं निम्मंच. थोडी कुरबुर आहे बाई, पण मी आहे ना, असं म्हटलं. बाईंनी स्टुलावरची वही उघडून दाखवली. भाषणाची तयारी होती, तीन रंगांच्या शाईत. पस्तीस वर्षं नोकरी केली, पण झेंडावंदनाला आपल्याला फक्त पोरांच्या रांगा लावायचं काम असायचं, बोलायला कधी कुणी उभं केलं नाही, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. त्या भागातल्या मुलांपुढे आयुष्यात पहिल्यांदा बोलणार होत्या. विरोध करणाऱ्यांबद्दल मात्र त्यांचं म्हणणं पक्कं होतं.

“त्यांना बाहेर ठेवू नकोस. पहिल्या रांगेत बसव. काळ्या फिती लावू देत. पण ऐकू देत. ऐकल्यावर काय विचारायचं ते विचारू देत, मी उत्तर देईन. एवढं जमवशील?”

मी हो म्हटलं. “तुम्हाला पूर्ण बोलू देईन, बाई, शब्द देते,” असं म्हटलं. हे वाक्य मी मराठीच्या विद्यार्थिनीला शोभेल अशा जोरात म्हटलं होतं.

आता आभाराच्या कागदाचं सांगायला हवं. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की प्रास्ताविक, परिचय, सत्कार, भाषण आणि आभार. भाषण एक वेळ लहान होईल, पण आभार चुकले तर महाभारत. एका वर्षी एक मुलगा आभारात एका संचालकांचा उल्लेख विसरला, त्यावरून मराठीच्या सरांना सहा महिने खुलासे करावे लागले होते. तेव्हापासून सरांचा दंडक होता : आभार आदल्या दिवशी लिहायचे, त्यांना दाखवायचे आणि कागदाबाहेर एक अक्षर बोलायचं नाही. म्हणजे भाषण व्हायच्या आदल्या दिवशीच ते किती छान झालं हे आम्ही लिहून ठेवायचो. मीही लिहिलं. ‘बाईंनी आज जे मोलाचं मार्गदर्शन केलं, ते आपण सारे आयुष्यभर जपून ठेवू.’ सरांनी लाल पेनाने बरोबरची खूण केली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. काळ्या फिती लावलेली तीसेक पोरं मी पहिल्या दोन रांगांत बसवली. बाई फिकट साडी नेसून आल्या होत्या, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वही आणि पुस्तक. त्यांनी रांगेकडे पाहिलं, माझ्या चुलतभावाला ओळखलं आणि हसल्या. त्याने मान खाली घातली. मला वाटलं, जमतंय.

प्रास्ताविक शांततेत झालं. परिचय झाला. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं, फोटो निघाला. बाई माईकपाशी गेल्या, चष्मा लावला आणि म्हणाल्या, “मुलांनो.”

तेवढ्यावर सुरू झालं. ‘गावाची बदनामी, नाही चालणार, नाही चालणार.’ बाकं बडवली जायला लागली. व्हरांड्यात तासाची घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर कुणीतरी लोखंडी दांड्याने घणाघणा मारत सुटलं, थांबेचना. मुलींची बाजू गप्प. प्राध्यापक हाताची घडी घालून छताकडे बघत होते. पाचेक मिनिटांनी माईक बंद पडला. लाईट गेली, असं मागून कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं आणि सगळ्या प्राध्यापकांनी माना डोलावल्या. माझ्या डोक्यावरचा पंखा गरगर फिरत होता.

मला निषेधाचं वावडं नाही. पुढे नोकरीत मी स्वतः मोर्चे काढले, घोषणा दिल्या, घसा बसेपर्यंत दिल्या. त्या पोरांना काळ्या फिती लावायचा हक्क होता, भाषण झाल्यावर उभं राहून बाई तुम्ही खोटं लिहिलंय असं तोंडावर सांगायचाही होता. पण त्यांना सांगायचं काहीच नव्हतं. त्यांना फक्त ऐकू येऊ द्यायचं नव्हतं. आपलं ठेवायचं झाकून ही आमच्या गावांची जुनी कला. ती आता आमची पोरं कॉलेजात, संस्थेच्या घंटेवर, प्राचार्यांच्या देखत करत होती, आणि आम्ही तिला तरुणांच्या भावना म्हणत होतो.

बाई ओरडल्या नाहीत. खाली बसल्या नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं आणि खुणेचा कागद काढून ठेवला. मला वाटलं, नुसत्या बघतायत. मग त्यांचे ओठ हलताना दिसले. बाई वाचत होत्या. त्या गदारोळात, बंद माईकपुढे त्यांनी ते अंगणाचं पान पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, मधे पान उलटलं, पूर्णविरामाला थांबल्या. पहिल्या रांगेलाही एक अक्षर ऐकू गेलं नसेल. पान संपलं तसं त्यांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला आणि त्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

प्राचार्यांनी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला बोटाने खूण केली. आणि माईक चालू झाला. ‘आता आभारप्रदर्शन,’ असं ती म्हणाली आणि संपूर्ण हॉल गप्प झाला.

हे मला आजही सहन होत नाही. घंटा थांबली. बाकं थांबली. तीस पोरं हात मांडीवर ठेवून नीट बसली. कारण आभाराला गप्प बसायचं असतं, हे पहिलीपासून अंगात मुरलेलं. म्हणजे यांना गप्प बसता येत होतं. इतका वेळ त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं एवढंच.

मी उठले. हातात कागद होता. माईक चालू, हॉल शांत, समोर चुलतभाऊ, मागे प्राचार्य, बाजूच्या खुर्चीत बाई. मी कागद उघडला आणि वाचला. “बाईंनी आज जे मोलाचं मार्गदर्शन केलं, ते आपण सारे आयुष्यभर जपून ठेवू.” मग संस्थेचे आभार, संचालकांचे आभार, प्राचार्यांचे, मंडपवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे. ध्वनिक्षेपकवाल्याचेसुद्धा! एकही नाव गाळलं नाही. शेवटी विद्यार्थ्यांनी शांततेत सहकार्य केल्याबद्दल त्यांचेही मानले, कारण तेही कागदावर होतं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात काळ्या फितीवाल्यांनी वाजवल्या. मग राष्ट्रगीत झालं, सगळे ताठ उभे राहिले, बाईही.

नंतर प्राचार्यांच्या खोलीत चहा झाला. सोनेरी काठाचे सारखे कप, प्राचार्यांनी स्वतःच्या हाताने बाईंना दिला. चेहऱ्यावर असा भाव, की बघा, आमच्याकडे आता असलं काही राहिलेलं नाही. कप द्यायला त्यांची काहीच हरकत नव्हती. बाईंनी चहा घेतला, बशी सरळ ठेवली आणि निघाल्या.

मी त्यांना रस्त्यावरच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. सगळा वेळ मी रडत होते. बाईंनी मला समजावलं नाही. रस्त्यावरून टेम्पो जात होते, त्यांचा धुरळा बसेपर्यंत त्या थांबल्या आणि मग बोलल्या.

“पोरं ओरडली त्याचं मी मनाला लावून घेत नाही. त्यांना शिकवून पाठवलं होतं. पण तुझ्या हातात माईक चालू होता गं.”

एवढंच. त्यात राग नव्हता. पेपर तपासून झाल्यावर मार्क सांगावेत तसं त्या म्हणाल्या. मग पिशवीतून सत्काराचा नारळ काढून माझ्या हातात दिला. “हा घरी ने. आईला दे,” म्हणाल्या. एस.टी. आली आणि बाई गेल्या. त्यानंतर आमच्या भागात त्या कधी बोलायला आल्या नाहीत. कुणी बोलावलंही नाही. मी त्यांना दोन पत्रं लिहिली. दोन्ही फाडून टाकली, कारण कसंही लिहिलं तरी शेवटी आभारच मानले जात होते.

घरी त्या दिवशी चुलतभावाचं कौतुक चाललं होतं. पोरानं घराची अब्रू राखली, चुलते चार-चारदा म्हणत होते. मी नारळ आईच्या हातात दिला आणि कुणी दिला ते सांगितलं. चुलते म्हणाले, नेऊन टाक तो उकिरड्यावर. आईनं पदराने नारळ पुसला आणि स्वयंपाकघरातल्या देवळीत ठेवला. चुलत्यांचा शब्द तिनं मोडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. चुलतेही बघतच राहिले.

रविवारी दुपारी घरातले पुरुष बाजाराला गेले होते. आई ओसरीवर बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं मला हाक मारली. आईला वाचता येत नव्हतं.

“ते बाईचं पुस्तक हाय ना तुझ्याकडं? माझं लिवलंय ते वाच.”

मी पुस्तक आणलं आणि ते पान वाचून दाखवलं. पानात बाईंनी लिहिलं होतं की ती बाई पाणी ओतत होती, पण तहान भागली तरी थांबेना, तांब्या रिकामा होईपर्यंत ओतत राहिली, आणि तिचे डोळे सगळा वेळ दारातल्या मुलीकडे होते. ‘त्या घरात मला बसायला कुणी सांगितलं नाही,’ असं बाईंनी शेवटी लिहिलं होतं, ‘पण त्या घरातली मुलगी पुढे शिकली, म्हणून मला ते अंगण आठवतं.’

आईनं सबंध ऐकलं. मधे एकही शेंग फोडली नाही. ज्या बाईमाणसाच्या अपमानासाठी अख्खं कॉलेज दणाणलं, तिनं आपल्याबद्दल काय लिहिलंय ते त्या दुपारी पहिल्यांदा ऐकलं. मग ती विचारायला लागली.

“त्या दिशी ती आपल्या घरी कशी आली, ते न्हाई लिवलं तिनं?”

नाही, मी म्हटलं.

“मीच निरोप धाडला हुता. दळनाला गेल्ते तवा गिरनीपाशी एका पोरीजवळ चिठ्ठीबिठ्ठी न्हाई, नुसतं तोंडी सांगितलं, बाईला म्हनावं, माझ्या पोरीची शाळा बंद करत्यात, तुमी या. तुझ्या चुलत्यांना कळलं असतं तर मला माहेरी धाडलं असतं. त्या बाईनं कुनाला सांगितलं न्हाई. पुस्तकात बी न्हाई.”

घराची अब्रू पेपरात काढली म्हणून जिच्यावर घंटा बडवली, ती बाई सात-आठ वर्षं आमच्या घराचं गुपित पोटात ठेवून होती.

आई सुपातल्या शेंगांकडे बघत राहिली. “मीच बोलावलं,” ती म्हणाली, “आन् मीच वरून पानी वतलं. दोन्ही मीच. ती खोटं न्हाई बोल्ली.” आणि पुढे म्हणाली, “मला कुनी इचारलं असतं तर मी आले असते तुझ्या कालेजात. सांगितलं असतं, बोलू द्या तिला.”

मग तिनं मान वर केली.

“तू हुतीस ना तिथं? तू काय बोल्लीस?”

“मी आभार मानले,” मी म्हटलं.

आईनं सूप पुढे ओढलं आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.